मय्यतीचा परदा

"धार बारीक सोड. मय्यतीलाही दुखतं," जैतूनखाला म्हणाली.

मी तांब्या तिरपा केला. हाजी दस्तगीर बागवानांच्या परसात चादरी ताणून आडोसा केला होता. आत लाकडी तख्त्यावर त्यांची धाकटी सून नाजनीन होती. तिच्या अंगभर चादर, आणि चादरीखालून खालाचा कापड गुंडाळलेला हात फिरत होता, आधी उजवी बाजू, मग डावी. बोरीचा पाला उकळलेल्या पाण्याचा तुरट वास सुटला होता. बाहेर बायका कलमा पुटपुटत होत्या आणि कुणीतरी चहाचे कप विसळत होतं.

"आता डोकं उचल. केस धुवायचेत."

मी मानेखाली हात घातला. ओले केस बाजूला झाले आणि मला दिसलं. उजवीकडे जबड्याखाली एक काळानिळा ठसा. डावीकडे चार, एकाखाली एक, तिरपे.

बोटं ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

मी खालाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"खाला..."

"पाणी."

"खाला, हे बघ तरी..."

"पाणी सोड म्हणते ना गे! शिकवलंय ना तुला?"

शिकवलं होतं. अगदी पहिल्या दिवशी. मय्यतीच्या अंगावर चांगलं दिसलं तर बाहेर सांगायचं, वाईट दिसलं तर तिच्याबरोबर मातीत घालायचं. कुणाच्या पोटावर कोड असतं, कुणाची पाठ सडलेली असते, कुणी म्हातारी अंथरूण घाण करून गेलेली असते. त्याचा बोभाटा करायचा नाही. याला म्हणतात मय्यतीचा परदा. गुस्ल म्हणजे शेवटची आंघोळ, आणि ती घालणारीचं तोंड कबरीसारखं बंद पाहिजे.

आम्ही तिला न्हाऊ घातलं. शेवटच्या पाण्यात कापूर टाकला, केसांच्या तीन वेण्या केल्या, कफन चढवलं. ओढणी मानेवरून गेली आणि ठसे झाकले गेले. हाजीसाहेब बाहेर दोनदा खाकरले.

"आटपा बायांनो. दुपारच्या, जोहरच्या नमाजला उचलायची आहे. मय्यतीला ताटकळत ठेवू नये."

पोरीची आई अजून पोचायची होती. कर्नाटकच्या हद्दीवरच्या गावाहून एसटीनं येत होती बिचारी. आली तेव्हा कफनाची गाठ मारून झाली होती, फक्त चेहरा उघडा होता. रहिमतबी दारातच बसली आणि तिथून सरपटत लेकीपर्यंत आली.

"परवा फोनवर बोलली की गं माझ्याशी! काय झालं हिला?"

"हार्ट बंद पडलं, आपा," हाजींची थोरली सून म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. अल्लाची मर्जी."

"बावीस वर्षांच्या पोरीचं हार्ट बंद पडतं?"

रहिमतबीनं खालाचे ओले हात धरले. "तुम्ही न्हाऊ घातलंत ना? सांगा, कशी होती माझी पोर?"

खाला म्हणाली, "चेहऱ्यावर नूर होता."

आमच्यात असं विचारतात आणि असंच सांगतात. ज्याचं घर बुडालं त्याला तेवढाच आधार, की आपलं माणूस तेज घेऊन गेलं. रहिमतबीनं खालाच्या हातांचे मुके घेतले. चेहरा झाकला. जनाजा उचलला.

आता मी कोण ते सांगते. मी शमशाद पिंजारी. बाप कापूस पिंजून गाद्या भरायचा. माझी शाळा नववीत सुटली, पुढचं नगरपालिकेच्या वाचनालयानं शिकवलं. आम्ही घरात दखनी बोलतो. ही हकीकत मराठीत लिहितेय, कारण ज्यांनी ती दाबली त्यांची भाषणं मराठीत झाली होती.

गावात नदीला पूर आला त्या साली आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी 'खिदमत', म्हणजे सेवा, या नावाचा ग्रुप काढला. तराफ्यावरून माणसं काढली, म्हशी काढल्या, देशपांडे मास्तरांना त्यांच्या देवघरासकट काढलं. मास्तर म्हणायचे, "अरे, आधी मला घ्या रे, देव पोहतील." पुढं साथ आली तेव्हा प्रेतांना हात लावायला घरचे तयार नव्हते. पोरांनी कुणाला पुरलं, कुणाला जाळलं, जात विचारली नाही. पण बायकांच्या मय्यतींचं काय? बाईला बाईच न्हाऊ घालते, आणि जैतूनखाला एकटी, गुडघे गेलेली. म्हणून मी गेले.

मोहल्ल्यात गदारोळ झाला. लग्नाची पोर मुडदे धुणार? तेव्हा मोईन उभा राहिला. मोईन शिकलगार, ग्रुपचा म्होरक्या. मोबाईल दुरुस्तीचं दुकान, अंगानं काडी, आवाज मात्र भोंग्यासारखा. मशिदीच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "बरं, नको येऊ दे शमूला. उद्या तुमच्या बायकांना तुम्ही स्वतः धुवा. आहे तयारी?" पुन्हा कुणी मला अडवलं नाही.

त्या दिवसापासून मी त्याला भाऊ मानलं. तो मला चिडवायचा, "शमू, तुझा निकाह लावायला काझीही घाबरतो. म्हणतो, कबूल है म्हणायच्या आधीच कापूर लावायची." मी हसायचे. माझं त्याच्यावाचून अडायचं, आणि त्याचं माझ्यावाचून. असं मला वाटायचं.

नाजनीनला मातीत घातल्यानंतर दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोईनच्या दुकानात गेले. तो भिंग डोळ्याला लावून कुणाच्या तरी फोनच्या पोटात पेचकस खुपसत होता.

"शटर ओढ," मी म्हणाले.

"लोक काय म्हणतील गे?"

"ओढ."

त्यानं अर्धं ओढलं. मी सांगितलं. माझी बोटं माझ्याच मानेवर ठेवून सांगितलं. त्यानं भिंग काढून ठेवलं.

"खालानं पाहिलं?"

"पाहिलं. ती बोलायची नाही."

"आणखी कुणाला बोललीस?"

"तुलाच."

"मग आता कुणालाच बोलू नको. हाजींच्या घरातली गोष्ट आहे, इथला फौजदार त्यांच्या आंब्यांवर पोसलाय. आपण वर जाऊ, जिल्ह्याला. मी बघतो सगळं. माझ्यावर सोड."

मी सोडलं. दुसऱ्या कुणावर सोडणार होते?

आठवडे गेले. मी विचारलं की तो म्हणायचा, साहेब रजेवर आहेत. साहेब बदलले. वकिलाशी बोलतोय. घाई केलीस तर ते सावध होतील, पुरावा मातीत आहे, कुठं पळतोय? तो बोलायचाच असा, की आपलीच चूक वाटावी.

मध्येच रहिमतबी आमच्या घरी आली. पिशवीतून शेंगा काढून आईपुढं ठेवल्या आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"बाळ, मी आडाणी बाई. पण ती फोनवर म्हणाली होती, अम्मी, मला घेऊन जा, तौफीकचा हात फार सुटतो. मी म्हणाले, ईद होऊ दे." तौफीक म्हणजे नाजनीनचा नवरा, हाजींचा धाकटा मुलगा. तिनं ओढणीचं टोक पिळलं. "मी तहसीलदारांकडं अर्ज दिलाय, कबर उघडा म्हणून. ते म्हणतात, संशयाला काही आधार आहे का? तू होतीस ना तिथं? तू सांग."

शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण कुणालाच बोलू नको म्हणून मोईननं बजावलं होतं. मी म्हणाले, "आई, थोडं थांबा. काम चाललंय."

"कसलं काम?"

"थांबा म्हणते ना."

ती गेल्या गेल्या मी मोईनकडं गेले. "बाई अर्ज देऊन बसलीय. आता तरी चल."

तो हसला. खूप दिवसांनी हसला. "पुढच्या रविवारी आपल्या ग्रुपचा सत्कार आहे. उर्दू शाळेच्या मैदानावर. आमदार येतायत. तुझाही आहे, शमू! मोहल्ल्याच्या इतिहासात पहिल्यांदा एका पोरीचा सत्कार. तेवढा होऊ दे. सोमवारी सकाळी आपण जिल्ह्याला. अल्लाची कसम."

"सत्कार करतंय कोण?"

"शाळेचा ट्रस्ट."

ट्रस्टचे अध्यक्ष कोण, हे विचारायची गरज नव्हती. गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"मोईन, हाजींच्या हातून शाल घेऊ मी?"

"शाल ट्रस्टची आहे गे. आणि तू नाही आलीस तर त्यांना संशय येईल. डोकं वापर जरा."

मी डोकं वापरलं. आईनं ट्रंकेतला मोरपंखी दुपट्टा काढून दिला. बापानं कित्येक वर्षांनी दाढीला मेंदी लावली. त्यांची पोरगी स्टेजवर जाणार होती, मुडदेवाली म्हणून जिच्या हातचं पाणी शेजारीण प्यायची नाही ती. त्यांना मी काय सांगणार होते?

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. पुढं पुरुष, एका बाजूला कनातीआड बायका. स्टेजवर फलक: 'तरुण खिदमतगारांचा गौरव'. स्टेजच्या शेजारी एक कोरी पांढरी ॲम्ब्युलन्स उभी, झेंडूच्या माळांनी नवरदेवासारखी सजवलेली. तिच्या अंगावर हिरव्या अक्षरांत बागवान घराण्याचं नाव.

"ही कधी आली?" मी मोईनला विचारलं.

"काल. आपल्या ग्रुपला दिलीय. सरप्राइज!" त्याचे डोळे गाडीवरून हलत नव्हते. पोटच्या पोराकडं बघावं तसा बघत होता.

खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी आवडली. आमच्या मोहल्ल्यात बाळंतीण अडली की हातगाडीवरून न्यायची. दोन बाळंतिणींना त्याच हातगाडीवरून कब्रस्तानातही नेलं होतं.

सत्कार सुरू झाले. एकेका पोराला बोलावत होते, शाल, फुलं, टाळ्या. तराफ्यावाला इरफान लाजून शाल उलटी पांघरून उतरला. देशपांडे मास्तरांनी काठी टेकत येऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. ही पोरं खरोखर त्या शालीच्या लायकीची होती. हे मी मुद्दाम लिहितेय. नंतर जे झालं त्यात त्यांचा दोष नव्हता, बहुतेकांना काही ठाऊकही नव्हतं.

मग मोईनच्या हातात ॲम्ब्युलन्सची पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली. फोटो निघाले. मग माझं नाव.

मी चढले. हाजीसाहेबांनी शाल स्वतः माझ्या खांद्यावर घातली नाही, परस्त्रीला हात कसा लावणार? आमदारांच्या बायकोच्या हातून पांघरवली. मी उतरायला वळले तर हाजींनी माइक धरला.

"थांब बेटा." आवाज मधासारखा. "लोकहो, ही आमची शमशाद. आमच्या घरावर संकट कोसळलं, माझी सून अल्लाला प्यारी झाली, तेव्हा तिला शेवटची आंघोळ हिनं घातली. आज काही लोक आमच्या दुःखावर चिखल उडवतायत. कबर उघडा म्हणतायत. मय्यतीची विटंबना करा म्हणतायत! मी काही बोलत नाही. मी बाप आहे, मला कुणी पक्षपाती म्हणेल. जिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तीच सांगेल. बेटा, सांग सगळ्यांना, कशी होती माझी नाजनीन?"

माइक माझ्यासमोर आला. आमदारांच्या शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ मान पुढं काढून ऐकत होते. ते तहसीलदार आहेत हे मला नंतर कळलं.

मी मोईनकडं पाहिलं. तो किल्ली छातीशी धरून माझ्याशेजारीच उभा होता. ओठ न हलवता बोलला.

"नूर होता म्हण. बस्स. खाली ये."

"तू सांगितलंस त्यांना?"

"हळू बोल."

"मी काय पाहिलं ते तू त्यांना सांगितलंस?"

"अगे, त्यांनीच विचारलं. मग बोलणं झालं. गाडी आली ना, शमू. किती जीव वाचतील, हिशेब कर. ती तर गेलीच." आणि अगदी समजुतीनं, पूर्वी मला चिडवायचा त्याच आवाजात म्हणाला, "आणि खोटं थोडंच बोलायचंय? चेहऱ्यावर नूर होताच की नाही?"

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. कुठला साहेब रजेवर नव्हता. कुठला वकील नव्हता. मी दुकानात अर्ध्या शटरआड मान धरून जे सांगितलं, ते घेऊन तो बाजारात गेला होता आणि भाव करून आला होता. सत्कार माझा नव्हताच. सत्कार माझ्या तोंडाचा होता, ते बंद राहावं म्हणून.

"बोल बेटा," हाजी म्हणाले.

मी माइक हातात घेतला.

"चेहऱ्यावर नूर होता."

"सुभानल्लाह," पुढच्या रांगेतून आवाज आला. हाजींनी डोळे मिटले.

"आणि मानेवर बोटं होती."

एवढंच माइकमधून गेलं. कुणीतरी वायर ओढली. मैदानावर एकदम मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखं झालं. तौफीक खुर्ची पाडून उठला. "खोटारडी! मुर्दे धुऊन डोकं फिरलंय हिचं!" मोईननं माझं मनगट धरलं. शाल त्याच्या हातात राहिली, मी खाली उतरले आणि सरळ कनातीआड शिरले.

रहिमतबी मागच्या रांगेत होती. तिला बोलावलं कुणी नव्हतं, तरी आली होती. ती उभी होती.

"काय म्हणालीस? मला ऐकू नाही आलं नीट. काय होतं म्हणालीस?"

मी माझाच हात गळ्यावर ठेवला. अंगठा उजवीकडं, जबड्याखाली. चार बोटं डावीकडं.

ती रडली नाही. तिनं माझा हात बाजूला केला आणि त्याच जागी आपली बोटं ठेवली, माझ्या मानेवर, एकेक करून. मग शेजारी बसलेल्या जैतूनखालाकडं वळली.

"आणि तू मला नूर सांगितलास?"

हाजींची थोरली सून ओरडली, "खाला, सांगा ना हिला! तुम्हीही होतात. काही नव्हतं म्हणून सांगा!"

खाला गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी जे पाहिलं ते मी सांगायची नाही. मला हे काम शिकवणाऱ्या माझ्या उस्तानीला मी वचन दिलंय, ते मोडून मला मरायचं नाही." मग रहिमतबीकडं न बघता म्हणाली, "पण या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलेलं नाही."

तहसीलदारांना आता आधार नाही म्हणायला जागा उरली नाही. कबर उघडली. गळ्यातलं हाड मोडलेलं निघालं. तौफीक आत गेला, आणि आमच्या मोहल्ल्यानं आमच्या घराशी बोलणं टाकलं. मय्यतीचा परदा फाडणारी म्हणून बापाची गाद्यांची गिऱ्हाइकंही तुटली. मी एकेकाला तोंडावर सांगायचे, परदा मय्यतीचा असतो, मारणाऱ्याचा नसतो. कुणी ऐकायचं, कुणी थुंकायचं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोवर खालाही गेली. तिला मीच न्हाऊ घातलं. कोर्टात हाजींचा वकील डॉक्टरांच्या मागं लागला, हाड म्हणे कबरीतल्या मातीच्या दाबानंही मोडतं. मग माझ्याकडं वळला.

"ठसे पाहिलेत आणि लगेच कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तिसऱ्या दिवशी. मोईन शिकलगारला."

"म्हणजे ही गोष्ट तुम्ही नंतर, स्टेजवर, हाजीसाहेबांवरच्या रागातून रचलेली नाही?"

"नाही. मोईनला विचारा."

त्यांनी विचारलं. मोईन साक्षीच्या पिंजऱ्यात आला, पांढरा शर्ट, छातीला खिदमतचा बिल्ला. शपथ घेतली. मला वाटलं, इथं तरी. इतक्या प्रेतांना खांदा दिलेला माणूस, शपथेवर तरी.

"नाही साहेब," तो म्हणाला. "शमशाद माझ्या बहिणीसारखी आहे. पण असलं काही ती माझ्याशी कधी बोलली नाही."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. नजर खाली गेली असती तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं.

संशयाचा फायदा मिळून तौफीक सुटला.

निकालाच्या दिवशी मी आणि रहिमतबी कोर्टाच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. ती अपील, वरचं कोर्ट, असं काहीबाही बोलत होती. मोईन मोटार घेऊन आला. काच खाली केली. केस कानांजवळ पिकले होते.

"एसटी गेली असेल. चला, सोडतो दोघींना." जसं काही झालंच नव्हतं.

रहिमतबी काचेजवळ वाकली.

"पोरा, तुझी आई आहे का?"

"आहे की, आपा. आजारी असते हल्ली."

"तिचं बरंवाईट झालं तर न्हाऊ घालायला कुणाला बोलावशील?"

मोईनचा हात स्टिअरिंगवरच राहिला. आमच्या गावात गुस्ल देणारी आता मी एकटीच होते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं पहिल्यांदा नजर खाली घातली.

"मला बोलाव, मोईन," मी म्हणाले. "मी येईन. तुझ्या आईला नीट न्हाऊ घालीन, धार बारीक सोडून. पण जे दिसेल ते सांगेन."